खाकी म्हणजे नक्की कुठला रंग? वाळवंटातले छोटे सैनिक पहिल्यांदा रंगवताना

माझी पहिली बॅच बारा जणांची होती, २८ मिलिमीटरचे आठव्या आर्मीचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढलेल्या इंग्रज फौजेचे, प्लॅस्टिक सैनिक. वाळवंट म्हटल्यावर मी सरळ डेझर्ट यलो नावाची बाटली उघडली आणि शर्ट, हाफ पँट, हेल्मेट, पट्टे, सगळं त्याच रंगात बुडवून काढलं. सुकायला खिडकीत ठेवले तर आई तिथून जाताना थांबली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यांना कावीळ झालीय काय रे सगळ्यांना?" मला राग आला पण खरं सांगायचं तर अगदी तसंच दिसत होतं. ती बाटली मुळात टँक-ट्रकच्या वाळवंटी पिवळ्यासाठी असते, कपड्यासाठी नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून बरेच सैनिक रंगवून झाले, बरेच बिघडवून झाले, आणि हल्ली कोण ना कोण विचारतं की सुरुवात कशी करू, तर एकदाच सगळं लिहून काढतोय.

दुसऱ्या महायुद्धातलं उत्तर आफ्रिकेचं वाळवंट, म्हणजे साधारण १९४० ते मे १९४३, एवढंच इथे घेतलंय. आपला गोवा त्या काळात पोर्तुगीजांचा, म्हणजे युद्धात तटस्थ. आपल्याकडे युद्ध आलं ते एका रात्रीपुरतं, ९ मार्च १९४३ ला, कलकत्ता लाईट हॉर्स ह्या हौशी इंग्रज पलटणीची मंडळी एका बार्जमधून मुरगाव बंदरात घुसली आणि एरेनफेल्स ह्या जर्मन जहाजावर चढली. पण ते साध्या कपड्यात होते, युनिफॉर्मच नव्हता, त्यामुळे आपल्या कामाचे नाहीत. आपल्या कामाचे आहेत ते पत्रादेवीच्या सीमेपलीकडचे, सावंतवाडी, वेंगुर्ला, रत्नागिरीकडून मराठा पलटणीत भरती झालेले. त्या रेजिमेंटचं केंद्र बेळगावला, चोर्ला घाट चढून गेलं की आलंच. वाळवंटात जी चौथी इंडियन डिव्हिजन लढली तिच्या ११व्या ब्रिगेडमध्ये २/५ मराठा ही बटालियन होती, आणि २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक बंदर पडलं तेव्हा ती तिथेच होती. म्हणून माझं म्हणणं असं की पहिला सेट इंग्रज सैनिकांचा घेतला तरी त्यातले चार-पाच चेहरे तरी आपले रंगवा. त्यासाठीचं वेगळं खाली येतंच आहे.

आधी तारीख ठरवा, मग बाटली उघडा

नवीन माणूस विचारतो "ब्रिटिश वाळवंटी युनिफॉर्मचा रंग कुठला?" आणि ह्याला उत्तरच नाहीये. कुठल्या महिन्यातला, कुठल्या ठिकाणचा सैनिक, ते आधी सांगा. आपल्या डोक्यात वाळवंट म्हणजे कायम भट्टी, पण हिवाळ्यात तिथे रात्री हाडं गोठतात. ९ डिसेंबर १९४० ला ऑपरेशन कंपास सुरू झालं, चौथी इंडियन डिव्हिजन निबेवाच्या इटालियन कॅम्पवर तुटून पडली, तेव्हा लोकांच्या अंगावर स्वेटर आणि ओव्हरकोट होते. त्या लढाईसाठी बारा जण हाफ पँटीत रंगवलेत तर तपशील चुकला. नोव्हेंबर १९४१ च्या ऑपरेशन क्रूसेडरचं तेच. उलट मे-जून १९४२ ला गझाला आणि तोब्रुकच्या लढाया, तेव्हा फक्त शर्ट आणि हाफ पँट. एल अलामेनची मोठी लढाई २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री सुरू झाली, तिथे हाफ पँटीवर स्वेटर असं मिश्रण चालतं. आणि १९४३ ला ट्युनिशियात पोचेपर्यंत डोंगर, पाऊस, थंडी, म्हणून लोकरी बॅटलड्रेस भरपूर दिसतो.

केरेनचं वेगळं, ते वाळवंट नाहीच, एरिट्रियातले उघडे खडकाळ डोंगर. ३/५ मराठा तिथे लढली, २७ मार्च १९४१ ला केरेन हातात आलं. कपडे तेच सुती खाकी, पण बेस, म्हणजे सैनिकाच्या पायाखालची जमीन, पूर्ण वेगळा करावा लागतो.

एका चिठ्ठीवर लिहा, "जून १९४२, तोब्रुक, २/५ मराठा" आणि ती टेबलवर चिकटवा. पुढचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात, हेल्मेट का पगडी, स्वेटर घालू का नको, बूट किती मळलेले. माझ्या टेबलवर अजून ती चिठ्ठी आहे, चहाचे डाग पडलेत.

काय काय लागतं

थोडंच लागतं, लोक उगाच दुकान मांडतात.

सैनिक: १/७२ म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर उंचीचे, एअरफिक्सचे आठव्या आर्मीचे आणि आफ्रिका कोरचे, म्हणजे समोरच्या जर्मनांचे, सेट ह्या मापात आहेत, स्वस्त पडतात, पण बऱ्याच सेटचं प्लॅस्टिक मऊ असतं आणि वाकलं की रंग सोलतो. २८ मिलिमीटरमध्ये पेरी कंपनीचे प्लॅस्टिक सेट, हे शिकायला सगळ्यात चांगले, घड्या खोल कोरलेल्या असतात, ब्रश आपोआप योग्य जागी जातो. १/३५ म्हणजे टॅमियावाले, पाच सेंटिमीटरच्या आसपास, हे दिसायला सोपे पण रंगवायला कठीण कारण चेहऱ्यावर लपायला जागा नाही. सुरुवात २८ ने करा.

ब्रश: नवीन माणूस जाऊन ट्रिपल झिरो आणतो, बारीक काम म्हणून बारीक ब्रश. नको. त्यात रंगच मावत नाही, टोकावर येईपर्यंत सुकतो, आणि गोव्यात एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली बसलात तर विचारूच नका. एक नंबरचा गोल ब्रश घ्या ज्याला टोक चांगलं आहे, नव्वद टक्के काम त्यातच होतं. एक जुना पसरलेला ब्रश धुळीसाठी ठेवून द्या.

रंग: पाण्यात मिसळणारे मॉडेलचे अॅक्रेलिक. मी वायेहो (Vallejo) कंपनीचे वापरतो, खाली नावं त्यांचीच आहेत, दुसऱ्या कंपनीचे असतील तर जवळचा शेड बघा, काही बिघडत नाही. शाळेचे पोस्टर कलर मात्र नको, त्यातली रंगाची पूड जाड असते, छोट्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखी दिसते. ते बेससाठी ठेवा. हे रंग गोव्यात दुकानात सहसा मिळत नाहीत, ऑनलाईन मागवायचे, आणि पार्सल आल्या आल्या उघडून बघा कारण माझं एक पार्सल आलं त्यात बफ ह्या फिकट पिवळट रंगाची बाटली फुटून सगळ्या लेबलांवर पसरलेली, आणि विकणारा म्हणे फोटो चोवीस तासात पाठवायला हवे होते.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी थाळी, विकत घेऊ नका. जेवणाचा चपटा प्लॅस्टिकचा डबा, तळाला ओला टिश्यू दोन-तीन पदर, वर केकवाले वापरतात तो बटर पेपर, झालं. रंग दोन दिवस ओला राहतो. पावसाळ्यात मात्र तिसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो, आठवड्यात बुरशी, तेव्हा रात्री फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर घरात आधी सांगून ठेवा.

साफसफाई आणि प्रायमर

सैनिक फ्रेमवरून कटरने सोडवा, ओढून तोडू नका. अंगावरून जी साच्याची रेघ जाते ती कटरची धार उभी धरून खरवडा, विशेषतः हेल्मेटवर आणि बाहीवर, कारण नंतर वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, टाकला की ती रेघ पहिली उठून दिसते. मग भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल असतं अंगावर. हे काम कंटाळवाणं आहे, लोक सोडून देतात, मीही सोडलंय, आणि मग महिन्याभराने कोपरावरचा रंग नखाने निघतो.

प्रायमरचं, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचं, आपल्याकडे वेगळं प्रकरण आहे. स्प्रे कॅन वापरणार असाल तर जून ते सप्टेंबर विसरा. हवेत एवढा ओलावा असतो की स्प्रे फिगरवर पोचेपर्यंत त्याची पांढरट, खरखरीत पूड बनते, सैनिक पिठात घोळल्यासारखा दिसतो आणि ते परत काढणं फार कठीण. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, दोन पातळ हात. नोव्हेंबर ते मार्च स्प्रे चालतो, तोसुद्धा सकाळी अकरानंतर, दव गेल्यावर.

प्रायमर काळा घेऊ नका. खाकी हा फिकट रंग आहे, काळ्यावर तो बसवायला चार-पाच हात लागतात आणि तोपर्यंत सगळ्या घड्या बुजतात. मधला तपकिरी किंवा करडा घ्या, एखादी खाच राहिली तरी ती सावलीसारखी खपून जाते.

खाकी

आता मुख्य विषय. खाक म्हणजे धूळ, माती. १८४६ च्या सुमारास पेशावरकडे गाईड्सची पलटण उभी राहिली तेव्हा लम्स्डेन साहेबाने आपल्या शिपायांचे कपडे मातकट रंगवून घेतले, तिथून खाकी सैन्यात आली असं मानतात. म्हणजे बघा, जो रंग मुळात धुळीचं नाव घेऊन आला तो प्रत्येक ठिकाणी सारखा कसा असेल.

वाळवंटात इंग्रज आणि भारतीय सैनिक जे घालत ते सुती कापड, त्याला खाकी ड्रिल म्हणत. भारतातही ते भरपूर बनायचं. शर्ट एका गिरणीचा, पँट दुसऱ्या देशातली, दोन्ही कधी जुळत नसत. कोऱ्या कपड्याचा रंग गडद मातकट, पण ऊन आणि धुणं ह्यात तो फिकट होत होत जवळजवळ सायीच्या रंगावर येई. पाण्याची मारामार असल्यामुळे लोक कधी कधी पेट्रोलमध्ये कपडे बुचकळत, त्याने रंग अजून उडे. म्हणजे एका सेक्शनमध्ये दहा माणसं असतील तर खाकीच्या दहा छटा. कावीळवाल्या बॅचमध्ये चुकीची बाटली हा अर्धाच दोष होता, बारा जणांना एकच छटा दिली हा उरलेला अर्धा.

हे समजायला पुस्तक नको. पणजीच्या बसस्टँडवर जा आणि एखाद्या जुन्या ड्रायव्हरचा खाकी शर्ट बघा, हळूच, नाहीतर तो विचारेल काय झालं. खांदे आणि कॉलरची वरची घडी उन्हाने विटलेली असते, पाठ मधोमध फिकट. पण खिशाच्या झाकणाखाली जिथे ऊन कधी लागलंच नाही तिथे मूळ रंग तसाच गडद आहे. काखेत आणि पाठीच्या कण्यावर घामाच्या मिठाचे पांढरट नकाशे. कोपराजवळच्या घड्या गडद. हेच सगळं आपल्याला नखाएवढ्या पाठीवर करायचंय, बाकी काही नाही. एकदा मी मोबाईलवर असा फोटो काढला होता, पाठीमागून, आणि तो अजून माझा सगळ्यात उपयोगी संदर्भ आहे.

आता हात कसा चालवायचा. पहिला रंग वायेहोचा खाकी, ९८८ नंबरचा. पाणी घालून पातळ करा, आमटीसारखा नको, सोलकढीसारखा हवा, ब्रशवरून ओघळेल पण खालचा प्रायमर थोडा दिसेल. दोन हात द्या, मध्ये पूर्ण सुकू द्या. पावसात सुकायला दुप्पट वेळ लागतो, घाई केलीत तर खालचा हात उचलला जातो.

मग तपकिरी वॉश, तयार मिळतो तो निम्मा पाण्यात. काळा वॉश अजिबात नको, सुती कापडावर काळी सावली म्हणजे गॅरेजमधला मेकॅनिक. वॉश सगळीकडे फासू नका, घड्यांमध्ये, पट्ट्यांच्या कडेला, खिशाच्या झाकणाखाली सोडा आणि कुठे साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या.

वॉश सुकला की परत ९८८ घ्या आणि फक्त उंचवटे रंगवा, घड्या तशाच राहू द्या. पुढचा हात ९८८ मध्ये निम्मा आयराकी सँड, नंबर ८१९, हा छोट्या जागेवर, खांदे, गुडघ्याच्या वर, पोटावर जिथे कापड ताणलं जातं. शेवटी त्यात थोडा बफ, ९७६, आणि हा फक्त खांद्यांच्या माथ्यावर, पाठीच्या वरच्या भागावर आणि घड्यांच्या कडांवर. शुद्ध पांढरा कधीच नको. मिठाचे डाग हवेच असतील तर बफमध्ये भरपूर पाणी घालून पाठीवर एक वेडीवाकडी कडा ओढा, आतून रिकामी. छान दिसतं. पण तीन-चार जणांच्या पाठीवर पुरे, सगळ्यांवर केलंत तर कंपनी एकाच धोब्याकडे गेल्यासारखी वाटते.

आता दुसऱ्या माणसाला शर्ट थोडा गडद आणि पँट फिकट, तिसऱ्याला उलट. एखादा नुकताच आलेला ठेवा, कोऱ्या कपड्यातला, आणि तो इंग्रज असेल तर गुडघे गोरे. जुने गोरे सैनिक नव्याला टोमणा मारायचे की आधी गुडघे काळे करून ये.

हाफ पँटीवरून आठवलं, काही सैनिकांची पँट ढगळ आणि खाली मोठी दुमड असलेली दिसते. ती दुमड उलगडून पोटऱ्यांपर्यंत खाली घेता यायची, रात्रीच्या डासांपासून बचाव. गोऱ्यांनी तिचं नाव ठेवलं होतं बॉम्बे ब्लूमर्स. दुमडीच्या आतलं कापड ऊन न लागल्यामुळे गडद असणार, तिथे एक गडद रेघ दिलीत तर बघणाऱ्याला कळतं की तुम्हाला कळलंय.

स्वेटर आणि बॅटलड्रेस ही लोकर, तिचा रंग वेगळा. त्यासाठी इंग्लिश युनिफॉर्म नावाची बाटली आहे, तपकिरी झाकेची. नवीन लोक नाव वाचून तीच सुती शर्टाला लावतात, मग तो वाळवंटाऐवजी फ्रान्समध्ये उतरल्यासारखा वाटतो. हिवाळी सैनिकाला स्वेटर इंग्लिश युनिफॉर्मचा आणि खाली पँट फिकट सुती, हा फरक डोळ्याला फार बरा वाटतो.

पट्टे, हेल्मेट, बंदूक

खांद्यावरून जाणारे पट्टे, दारूगोळ्याची पाऊचं, पाठीवरची पिशवी, हे सगळं १९३७ च्या पॅटर्नचं जाड सुती वेबिंग. त्याला ब्लँको नावाची हिरवट पूड लावायचे, पण वाळवंटात ते घासून आणि उन्हाने पार उडून पांढरट व्हायचं, कित्येकदा शर्टापेक्षा फिकट. तर शर्ट गडद असेल तर पट्टे बफ, आणि शर्ट विटलेला असेल तर पट्टे किंचित हिरवट खाकी, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळून जाणार नाहीत. पट्ट्याच्या कडेला पातळ तपकिरी रेघ ओढा, हात थरथरत असेल तर श्वास सोडून मग ओढा आणि दोन्ही मनगटं टेबलला टेकवा. बकल पितळेचे, पण चकचकीत सोनेरी नको, तपकिरीत थोडं सोनेरी मिसळा.

हेल्मेट वाळूच्या रंगाचं, बरेचदा रंगात वाळू मिसळून खरखरीत केलेलं. कडा जिथे घासली जाते तिथे खालचा गडद रंग दाखवा, दोन-तीन ठिपके. शीख सैनिक हेल्मेट घालत नसत, पगडीच, खाकी रंगाची, आणि पगडीचा प्रत्येक पदर वेगळा रंगवा, हे काम वेळखाऊ आहे पण सगळ्या सेटमध्ये तोच सैनिक उठून दिसतो.

बंदूक ही जुनी ली-एनफिल्ड, पुढून बोथट तोंडाची. लाकूड लालसर तपकिरी. लोखंड म्हणजे चांदी नव्हे, काळ्यात चिमूटभर गनमेटल, फक्त बोल्टवर थोडी चमक. भारतीय पलटणींकडे ब्रेन ह्या हलक्या मशीनगनबरोबर विकर्स-बर्थियर नावाची मशीनगनही असायची, पण सेटमध्ये बहुतेक ब्रेनच येते, तीही चालते.

चौथ्या डिव्हिजनची खूण लाल गरुड. ती बाहीवर काढायचा मोह होतो. २८ मिलिमीटरवर तो गरुड म्हणजे लाल मुंगी दिसते, शिवाय लढाईत कापडी खुणा बरेचदा काढलेल्याच असत. ट्रक रंगवाल तेव्हा काढा.

चेहरे, आणि इथे जरा थांबा

डब्यावरचं मार्गदर्शन आणि बहुतेक व्हिडिओ एकच सांगतात, फ्लेश नावाची बाटली. ती गुलाबी आहे. ती आपल्या माणसाला लावून वरून तपकिरी वॉश फासला की तो मराठा होत नाही, तो मळलेला इंग्रज होतो. मी हे दोन वर्षं करत होतो.

उलटं चला. सुरुवात गडद तपकिरीपासून, फ्लॅट अर्थमध्ये थोडा लालसर तपकिरी घालून. सुकल्यावर तोच रंग बेसिक स्किनटोनने थोडा थोडा उजळवत न्या, पहिल्यांदा तीनास एक, नाक, गालाची हाडं, हनुवटी, कपाळ. मग निम्मं-निम्मं, आणि हे फक्त नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या वरच्या कडेला. खालच्या ओठाला लालसर तपकिरी, जवळपास न दिसणारा. डोळ्यांत पांढरा टाकू नका, त्या उन्हात सगळे डोळे बारीकच करतात, एक गडद तपकिरी रेघ पुरते. मिशी काळी पण वर करड्या-निळ्याची एक बारीक रेघ. आणि चार जण एकाच वर्णाचे करू नका. आपल्याच घरातल्या लग्नाचा ग्रुप फोटो समोर ठेवा, काका एक, आत्या दुसरी, चुलत भाऊ तिसराच. भारतीय फौजेत पंजाबी, जाट, गढवाली, गुरखे, मराठे, सगळे होते.

हात आणि गुडघे चेहऱ्यापेक्षा एक छटा गडद. कोपरावर आणि गुडघ्याच्या वाटीवर सुरकुत्यांत थोडा वॉश.

समोरची बाजू थोडक्यात

जर्मन जनरल रोमेल १२ फेब्रुवारी १९४१ ला लिबियातल्या त्रिपोलीत उतरला. त्याच्या लोकांचे कपडे सुती, पण मूळ रंग हिरवट ऑलिव्ह, आणि तो उडत उडत वाळूवर येतो. म्हणजे इंग्रजांचा विटलेला रंग उबदार आणि जर्मनांचा विटलेला रंग अजून थोडा हिरवा, हा फरक ठेवा म्हणजे टेबलवर दोन बाजू लांबून ओळखू येतात. ऑलिव्हच्या बाटलीत खाकी आणि बफ मिसळत जा, प्रमाण डोळ्याने. त्यांचे उंच बूट अर्धे चामड्याचे आणि अर्धे कापडाचे, चामडं तपकिरी, कापड ऑलिव्ह, लोक सगळाच बूट काळा करून टाकतात. पट्टेही चामड्याऐवजी कापडी. पिथ हेल्मेट, म्हणजे साहेबी सोला हॅट, त्यांनी लवकरच टाकून दिली, म्हणून १९४२ च्या सैनिकाला टोपी किंवा लोखंडी हेल्मेट.

इटालियन लोकांवर मला वेगळंच लिहावं लागेल. बेर्सालिएरी ह्या त्यांच्या पायदळी पलटणींच्या हेल्मेटवरचा पिसांचा तुरा काळा-हिरवा, एवढं आत्ता लक्षात ठेवा.

धूळ

धूळ कशी बसते हे गोव्यातल्या माणसाला शिकवायला नको. साखळी-डिचोलीकडे मायनिंगचे ट्रक धावत होते ते दिवस आठवा, काजूच्या पानावर वरून लाल थर, खालून हिरवं पान तसंच. धूळ आडव्या जागेवर बसते, घामाला चिकटते आणि पायाकडून वर चढते. लिबियात रंग फिकट, पण वागणं तेच. बूट आणि घोट्यावरच्या पट्ट्या बफने कोरड्या ब्रशने जवळजवळ झाकून टाका, गुडघ्यापर्यंत कमी कमी करत न्या, मग खांद्याचा माथा, हेल्मेटचा वरचा भाग आणि पिशवीची वरची बाजू. ब्रश टिश्यूवर पुसून पुसून असा करा की आता रंगच उरला नाही वाटतं, तेव्हाच लावायला घ्या. छातीवर धूळ नको, ती नुसती घाण दिसते.

बेस

दोन चुका मी केल्यात. एक, अंगणातली माती वापरली. आपली माती चिऱ्याची, लालभडक, त्यावर उभा केलेला तोब्रुकचा सैनिक म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात उतरल्यासारखा दिसतो. दोन, मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावरून मूठभर वाळू आणली आणि न धुता चिकटवली. महिन्याभरात मीठ वर आलं, पांढरी बुरशी असल्यासारखं. वाळू तीन-चार पाण्यांनी धुवा, उन्हात वाळवा, चहाच्या जुन्या गाळणीने चाळा. शंखांचे तुकडे काढा, छोट्या मापात ते दगडी भिंतीएवढे दिसतात.

आणि नुसती गुळगुळीत वाळू नको. समुद्राकडचा तो लढाईचा पट्टा, तोब्रुक, गझाला, तिथे वाळूच्या टेकड्या कमी आणि चुनखडीचा फिकट खडक, खडी, काटेरी झुडुपं जास्त. फेविकॉलचा पातळ थर, त्यावर आधी दोन-तीन छोटे दगड, मग चाळलेली वाळू, उलटी करून झटका. सुकल्यावर रंगवायचीच, वाळू आहे तशी ठेवू नका. पहिला हात तपकिरी, मग खाकीचा कोरडा ब्रश, मग बफचा. दगड थोडे करडे. झुडुपांसाठी नारळाचा काथ्या बारीक कापा, अर्धा सेंटिमीटर, फेविकॉलच्या थेंबात उभा रोवा आणि टोकाला फिकट पिवळट रंग. केरेन करत असाल तर वाळू विसरा, मोठे दगड आणि तपकिरी माती.

जागा उरली तर एक चौकोनी पत्र्याचा डबा ठेवा, इंग्रजांचे पेट्रोलचे पातळ पत्र्याचे डबे गळायचे फार, मग लोक ते मधून कापून त्यात वाळू आणि पेट्रोल ओतून पेटवत आणि वर चहा ठेवत. ते डबे असे कुचकामी म्हणूनच जर्मनांचे मजबूत कॅन हाती लागले की कोण सोडत नसे.

शेवटचा हात मॅट वार्निशचा, ब्रशने, पातळ, कारण चकाकणारं सुती कापड कोण बघितलंय. बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे येतात, हळू हळू उलटसुलट करा. रात्री दिव्याखाली लावत असाल तर लगेच वरून डबा पालथा घाला. पहिल्या पावसानंतरचे पंखवाले किडे नेमके ओल्या वार्निशवरच येऊन बसतात, आणि माझ्या एका हवालदाराच्या खांद्यावर अजून एक पंख आहे.